संडासला झाली का?

हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा नीट विचारला गेला तेव्हा अप्पांना मॉर्फिन सुरू होऊन एकोणीस दिवस झाले होते. विचारणारी बाई डॉक्टर नव्हती. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना घरी येऊन बघणारी पॅलिएटिव्ह केअरची सिस्टर होती. ऑफिसातल्या मैत्रिणीने नंबर दिला म्हणून मी फोन केला होता. सिस्टर लोकलने आल्या, स्टेशनवरून चालत आमच्या गल्लीत पोचल्या, चप्पल दारात काढली, चहा नको म्हणाल्या. खुर्ची पलंगाला लावून बसल्या आणि म्हणाल्या, "काका, संडासला शेवटची कधी झाली होती?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी आठवल्यासारखं करून आत गेले. एसटीच्या दापोडी वर्कशॉपात आयुष्य काढलेला माणूस. ग्रीसने माखलेले हात रॉकेलने धुऊन घरी यायचा, आणि मुलीसमोर 'संडास' हा शब्दही उच्चारायचा नाही. 'जाऊन येतो' म्हणायचा. त्यावरून आम्ही समजायचं.

त्या एकोणीस दिवसांत किती जणांनी त्यांना तपासलं होतं, ते मी नंतर मोजलं. मॉर्फिन लिहिणारे मोठे डॉक्टर. त्यांचे दोन ज्युनिअर. ड्रेसिंगला आलेला मुलगा. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले आमचे नेहमीचे डॉक्टर. मेडिकलवाला. प्रत्येकाने विचारलं, 'दुखणं किती आहे? शून्य ते दहात सांगा.' शून्य ते दहा, शून्य ते दहा. अप्पांना शेवटी ते पाठ झालं होतं, कुणी खोलीत आलं की न विचारताच 'सात' म्हणायचे. पोटाचं कुणी विचारलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर अकरा औषधं होती. त्यात ॲसिडिटीची गोळी होती, व्हिटॅमिनची होती, कॅल्शियम होतं. पोट साफ होण्याचं एकही नव्हतं. हॉस्पिटलचं नाव मी लिहिणार नाही, कारण नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल 'हां, तिथे असंच असतं', आणि विषय मिटेल. हे फक्त तिथे होत नाही.

झालं ते असं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेला होता, कंबर आणि मांडीचं हाड. मॉर्फिनच्या गोळीने दुसऱ्याच दिवशी फरक पडला. किती तरी आठवड्यांनी अप्पा कुशीवर वळून झोपले. आम्हाला वाटलं, सुटलो. पाचव्या दिवशी पोट जड वाटायला लागलं, जेवण कमी झालं. मी मेडिकलमधून इसबगोल आणलं. शेजारच्या काकूंनी एरंडेल दिलं. नवव्या-दहाव्या दिवशी दुखणं परत वर आलं, म्हणून आम्ही रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. तिथे मॉर्फिनचा डोस वाढवला. अप्पा गोळ्या घेतच नव्हते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दाढीच्या सामानाच्या डब्यात सहा गोळ्या नंतर सापडल्या. गोळी घेतली की पोट बंद पडतं, एवढं त्यांना स्वतःच्या अंगावरून कळलं होतं. दुखणं की पोट, यातलं एक निवडायचं होतं आणि त्यांनी दुखणं निवडलं. कुणाला सांगितलं नाही. डोस वाढवल्यावर मी समोर बसून गोळ्या द्यायला लागले, त्यामुळे लपवायची सोयही गेली.

चौदाव्या दिवशी पातळ व्हायला लागलं. आम्ही देवापुढे साखर ठेवली. मग दिवसातून सहा-सात वेळा, कपड्यातच, त्यांना कळायच्या आत. दवाखान्यात सांगितलं 'जुलाब होतायत'. जुलाब थांबवायची गोळी मिळाली. लोपेरामाइड. नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचंय.

सिस्टरनी पोटावर हात फिरवला, स्टेथोस्कोपने ऐकलं, उलटी होते का, वारा सरतो का, ते विचारलं. मग मला बोलावून म्हणाल्या, "ताई, हे जुलाब नाहीत. आत खडा झालाय. वरचं पातळ त्याच्या बाजूने वाट काढून येतंय." त्यांनी हातमोजे घातले, जेल लावलं, एक बोट आत घालून तपासलं. त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. पुढचा दीड तास काय झालं ते सविस्तर सांगत नाही. थोडं सांगते. आधी दुखण्याचा जादा डोस दिला. आत तेल सोडलं आणि मऊ व्हायची वाट पाहिली. मग बोटाने, थोडं थोडं, प्रत्येक वेळी 'काका, थांबू का?' विचारत काढलं. बाहेर टीव्हीचा आवाज मी मोठा करून ठेवला होता, कुठलीतरी सिरियल चालू होती. अप्पा रडले. वेदनेने नाही. नंतर कित्येक दिवसांनी म्हणाले, वर्कशॉपातल्या कुणाला सांगू नको.

आता माझं म्हणणं. मॉर्फिन किंवा त्या जातीचं कुठलंही औषध रोज घ्यायला लिहून देताना त्याच चिठ्ठीवर रेचक न लिहिणं, याला चूक म्हणा, निष्काळजीपणा म्हणा. 'राहून गेलं' म्हणू नका. ब्रेक न तपासता गाडी वर्कशॉपाबाहेर सोडली तर जबाबदार कोण, हे अप्पांच्या खात्यात कागदावर ठरलेलं होतं. इथे कुणीच जबाबदार नाही, कारण मुळात कुणी ही घटनाच मानत नाही. पेशंट कॅन्सरने गेला, एवढीच नोंद होते. शेवटचे दोन आठवडे तो कशाने तळमळला, याचा रकाना नाही.

यातलं शास्त्र अवघड नाही, अवघड असतं तर मी एवढी चिडले नसते. मॉर्फिन मेंदूत आणि मज्जारज्जूत ज्या रिसेप्टरना जाऊन चिकटतं, तेच रिसेप्टर आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यातही आहेत. तिथे चिकटलं की आतड्याची पुढे ढकलणारी हालचाल मंदावते. आतला मजकूर जास्त वेळ पडून राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं, तो कडक होतो. खालची झडप घट्ट होते. जायची भावनाही बोथट होते. मॉर्फिनची मळमळ, गुंगी हे त्रास साधारण आठवड्याभरात ओसरतात, शरीर सरावतं. आतडं असं सरावत नाही. जितके दिवस गोळी, तितके दिवस हा त्रास. म्हणून 'बघू, झाला त्रास तर देऊ' हे धोरण इथे चुकीचं आहे. त्रास होणार आहे, हे पहिल्या गोळीच्या आधीच माहीत असतं. मॉर्फिनच नाही, ट्रॅमाडॉलची साधी वाटणारी गोळीही याच जातीची. फेंटॅनिलच्या पट्टीने हा त्रास जरा कमी होतो, पण होतो.

आणि लोपेरामाइड? तेही ओपिऑइडच आहे. मेंदूत फारसं पोचत नाही, आतड्यावर काम करतं, म्हणून तर ते जुलाबावर चालतं. म्हणजे मॉर्फिनने बंद पडलेल्या आतड्यावर आम्ही आणखी एक कुलूप लावलं होतं. पैसे देऊन.

गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की हे ज्ञान नवीन नाही. अफूने पोट बांधतं हे आपल्याकडे ज्याला त्याला माहीत होतं. आयुर्वेदात अहिफेन, म्हणजे अफूच, अतिसारावरच्या कल्पांमध्ये आहे. पाश्चात्त्य वैद्यकातही अफूचा अर्क हे हगवणीचं जुनं औषध. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या गिरणीकामगार बायका तान्ह्या बाळांना अफू घातलेली बाळगोळी देऊन कामावर जायच्या, त्याच्या सरकारी नोंदी आहेत. तेव्हा अफू पोटात गेली की काय काय बंद होतं, हे घराघरात ठाऊक असणार. तीच अफू शुद्ध होऊन, स्ट्रिपमध्ये बसून, सही-शिक्क्याच्या चिठ्ठीवर आली, आणि आम्ही सगळे, डॉक्टरांसकट, एकदम अडाणी झालो.

इसबगोलबद्दल मला वेगळं भांडायचंय. बद्धकोष्ठ म्हटलं की महाराष्ट्रात तीन उत्तरं तयार असतात. इसबगोल घ्या, पालेभाज्या खा, सकाळी गरम पाणी पिऊन चाला. चालत्याफिरत्या माणसाला ठीक आहे. इसबगोल म्हणजे तंतू. तो पाणी शोषून फुगतो, मळाचा आकार वाढवतो आणि त्या वाढलेल्या आकाराने आतड्याला ढकलायची आठवण होते. पण मॉर्फिनवरचं आतडं ढकलतच नाही, आणि पलंगावरचा माणूस दिवसाला चार-पाच ग्लास पाणीही पीत नाही. मग तो फुगलेला गोळा तिथेच बसतो, कोरडा होतो. म्हणजे मी काय केलं, तर बंद पडलेल्या गटारात आणखी भूसा टाकला. हाडांत कॅन्सर असलेल्या माणसाला 'जरा चालत जा' सांगणारे डॉक्टर मी स्वतः ऐकलेत. 'फायबर वाढवा' असं छापलेला, गाजराचं चित्र असलेला कागदही आम्हाला मिळाला होता. ज्याच्या घशाखाली दोन चमचे पेज उतरत नाही, त्याच्या हातात गाजराचं चित्र! हा सल्ला नाही, पेशंटवर दोष ढकलणं आहे. तू चालला नाहीस, तू भाजी खाल्ली नाहीस, म्हणून तुला झाली नाही.

मग द्यायचं काय? सिस्टर आल्या त्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी फोनवर जे लिहायला सांगितलं, ते कुठल्याही पॅलिएटिव्ह केअरच्या पुस्तकात पहिल्या काही पानांत सापडतं. आतड्याला चालना देणारं औषध: सेना, बिसाकोडिल किंवा सोडियम पिकोसल्फेट. हवं तर जोडीला पाणी धरून ठेवणारं: लॅक्ट्युलोजचं गोड सिरप किंवा मॅक्रोगोलची पावडर. रात्री सेना दिली तर आठ ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी, काम होतं. डोस एकदा ठरवून विसरायचा नसतो, मॉर्फिन वाढलं की याकडेही बघावं लागतं. तीन दिवस झाली नाही तर गुदद्वारातून ठेवायची सपोझिटरी, मग एनिमा. पण पोट फुगलंय, कळा येतायत, उलट्या होतायत, वारासुद्धा सरत नाही, असं असेल तर घरी काहीही देऊ नका. तो आतड्याचा अडथळा असू शकतो, आणि तिथे चालना देणारं औषध घातक ठरतं. तेव्हा थेट हॉस्पिटल.

दोन बारीक गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. बिसाकोडिलच्या गोळीवर आवरण असतं, ते आतड्यात जाऊन विरघळायला हवं. दुधाबरोबर घेतली की ते जठरातच विरघळतं, पोटात मुरडा येतो. आपल्याकडे रात्रीची गोळी म्हणजे कपभर दूध हे ठरलेलंच. दुसरं, लिक्विड पॅराफिन असलेली तेलकट सिरपं अंथरुणाला खिळलेल्या, गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला देऊ नयेत. ते तेल फुप्फुसात उतरू शकतं. मळ नुसता मऊ करणारं डॉक्युसेट नावाचं औषध जगभर वर्षानुवर्षं सवयीने दिलं गेलं. कॅनडातल्या अल्बर्टामधल्या हॉस्पिसमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७४ पेशंटना सेनाबरोबर एक तर डॉक्युसेट दिलं, नाही तर खोटी गोळी. फरक पडला नाही. मऊ करून उपयोग नाही, ढकलायला कुणीतरी हवं.

सेना म्हणजे आपली सोनामुखी. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या नावाने ती जगाच्या बाजारात ओळखली जाते. पोट साफ करणाऱ्या चूर्णांच्या डब्यांवरचा बारीक मजकूर वाचा, तिथेही ती भेटेल. अफू मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते, नीमच आणि गाझीपूरला तिचे सरकारी कारखाने आहेत. म्हणजे कुलूपही आपलं आणि किल्लीही आपलीच. आमच्या दापोडीत तर १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कमने बंगला घेतला आणि तिथे सरकारी वनस्पती-उद्यान उभं राहिलं. इंग्रजी कागदांत ते 'दापुरी' म्हणून आहे. अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर तिथला प्रमुख होता. सरकारी औषधभांडाराला लागणाऱ्या वनस्पती त्याच्या देखरेखीखाली लावल्या जायच्या. जिथे पावणेदोनशे वर्षांपूर्वी औषधं पिकत होती, तिथे २०२० च्या दशकात माझ्या बापाला सोनामुखीची गोळी मिळायला एकोणीस दिवस लागले. असो. स्टेशनवरून मेट्रो दिसते, हे मात्र खरं.

अप्पांच्या आजाराबद्दल रात्री फोनवर वाचत बसायचे, तेव्हा एक गोष्ट सापडली. शिकागो विद्यापीठात लिऑन गोल्डबर्ग नावाचे औषधशास्त्रज्ञ होते. १९७८ च्या सुमारास त्यांच्या एका मित्राला, सहकाऱ्याला, प्रोस्टेटचा कॅन्सर होऊन तो हाडांत पसरला होता. तो मॉर्फिन घ्यायला तयार नव्हता, बद्धकोष्ठतेमुळे. तोच आजार, तीच हाडं, तोच निर्णय. मी फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. गोल्डबर्गनी त्यावर औषध शोधायला घेतलं. मॉर्फिनचा परिणाम उलटवणाऱ्या एका औषधात त्यांनी असा बदल केला की ते मेंदूत शिरू शकत नाही, त्यामुळे दुखणं परत येत नाही, पण आतड्यातलं कुलूप निघतं. मेथिलनालट्रेक्सोन. गोल्डबर्ग १९८९ मध्ये वारले, काम इतरांनी पुढे नेलं. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली २००८ साली, तीही नेमकी दीर्घ आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३३ पेशंट होते. पहिल्या इंजेक्शननंतर चार तासांत ४८ टक्के जणांना झाली, खोटं इंजेक्शन दिलेल्यांत १५ टक्के.

तीस वर्षं लागली. आणि तरी निम्म्या लोकांना पहिल्या डोसने झाली नाहीच. हे सांगायचं कारण, महागडं इंजेक्शन ही पुढची पायरी आहे. साधी रेचकं नीट देऊन झाल्यावरची. आपण पहिल्याच पायरीवर पाय ठेवलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत पॅलिएटिव्ह केअरच्या भागात सेना आहे, लॅक्ट्युलोज आहे. चैनीच्या वस्तूंची यादी नाही ती.

मला माहीत आहे, मॉर्फिनबद्दल वाईट लिहिणं भारतात धोक्याचं आहे. आधीच ते मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर इतके परवाने, इतक्या खात्यांच्या सह्या लागायला लागल्या की हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. १९८५ ते १९९७ या काळात देशातला औषधी मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला, १९९७ मध्ये अख्ख्या देशात १८ किलो. केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून घेतली. तरीही २०१७ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालाप्रमाणे गरजेच्या फक्त ४ टक्के ओपिऑइड वेदनाशामकं भारतातल्या पेशंटपर्यंत पोचत होती. तेव्हा कुणी हा लेख वाचून 'मॉर्फिन नको' म्हणणार असेल तर त्याने तो परत पहिल्यापासून वाचावा. मॉर्फिनने माझ्या बापाला झोप दिली. मी म्हणते ते उलटं आहे. एवढ्या मुश्किलीने मिळालेली गोळी माणूस दाढीच्या डब्यात लपवत असेल, तर त्या ४ टक्क्यांतलं खरोखर पोटात किती गेलं? परवान्यासाठी भांडायचं आणि दहा-वीस रुपयांच्या स्ट्रिपसाठी हातची गोळी वाया घालवायची, हे कसलं यश?

डॉक्टर लोक यावर जे म्हणतात ते ऐकलंय. एक, 'पेशंट सांगत नाही'. बरोबर, नाही सांगत. ब्लडप्रेशरही सांगत नाही, ते तुम्ही मोजता. दोन, 'आधीच अकरा गोळ्या आहेत'. मग कॅल्शियम काढा. ज्याच्या हातात काही महिने आहेत त्याच्या चिठ्ठीवर व्हिटॅमिनला जागा आहे आणि रेचकाला नाही, हा क्रम कुणी ठरवला? तीन, 'ओपीडीत एका पेशंटला चार मिनिटं मिळतात'. हे खरं आहे, आणि याबद्दल मला सहानुभूती आहे. पण 'संडासला झाली का' विचारायला तीन सेकंद लागतात, मी मोजलेत. चार, आणि हे मला सर्वांत चीड आणणारं, 'रेचकाची सवय लागते'. हे नातेवाईकही म्हणतात, आमच्या काकू म्हणाल्या होत्या. लागू दे! ज्या माणसाला पुढची दिवाळी दिसणार की नाही याची खात्री नाही, त्याला पाच वर्षांनी कसली सवय लागेल याची काळजी आपण करतोय.

पण नुसतं डॉक्टरांना झोडपून भागणार नाही. मी स्वयंपाकघरात निघून गेले होते, हे वर लिहिलंय.

आपण पोटाबद्दल कमी बोलतो असं नाही. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी त्रिफळ्याचा फॉरवर्ड टाकतं. चूर्णांच्या जाहिरातीत अख्खं कुटुंब हसतं. २०१५ मध्ये 'पिकू' आला, सगळ्या थिएटरने बापाच्या बद्धकोष्ठावर दोन तास हसून घेतलं, मीही हसले, परत बघेन. निरोगी माणसाचं पोट हा आपला आवडता विनोद आहे. पण तोच माणूस खरोखर आजारी पडला, नेसूचं सावरता येईना, की आपण एकदम सोवळे होतो. बाप मुलीला सांगत नाही, सासू सुनेला सांगत नाही. मुलगा विचारतो, पण दारातून. दोन खोल्यांच्या घरात तर लपायलाही जागा नसते. संडास जिन्याखाली, तोही भारतीय पद्धतीचा, आणि मांडीच्या हाडात कॅन्सर. अप्पा शेवटी शेवटी जायचंच टाळायचे, कारण उठवायला मला आणि भावाला दोघांना लागायचं. ऑफिसातून आम्ही यायची वाट बघत आलेली घाई दाबायचे. दाबली की ती परत येत नाही. बेडपॅनवर आडवं पडून तर धडधाकट माणसालाही होणार नाही, कुणीही करून बघा. भाड्याने कमोडची खुर्ची आणली, पायाखाली पाट ठेवला म्हणजे गुडघे वर येतात, खुर्चीभोवती जुन्या साडीचा पडदा केला. सकाळच्या चहानंतर वीस मिनिटांनी बसवायचं, कारण पोटात काही गेलं की आतडं आपसूक थोडं हलतं. आणि मग सगळ्यांनी बाहेर जायचं. या सगळ्याला औषधाइतकंच महत्त्व होतं, आणि याचा खर्च फार नव्हता.

पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. कॅन्सरच्या पेशंटची आणि घरच्यांची तिथे मोफत काळजी घेतली जाते. मुंबईत बांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. हे मला आधी माहीत असतं तर कदाचित एकोणीस दिवस लागले नसते. हॉस्पिटलमध्ये कुणी सांगितलं नाही. 'पॅलिएटिव्ह' म्हटलं की 'आता काही करता येत नाही' असं त्यांना सुचवायचं असतं, आणि आपणही तसंच ऐकतो. प्रत्यक्षात आमच्या घरी त्या दिवसानंतर जितकं काही केलं गेलं, तितकं आधीच्या आठ महिन्यांत झालं नव्हतं.

सिस्टरनी एक वही घालायला सांगितली होती. तारीख, औषध, झाली की नाही, कशी झाली. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी केलेला सात प्रकारांचा एक तक्ता आहे, चित्रांचा, तो मी फोनवर अप्पांना दाखवला. पहिला प्रकार सुट्या कडक गोळ्यांचा. अप्पा म्हणाले, "शेळीच्या लेंड्या." चौथा, गुळगुळीत, म्हणजे उत्तम. त्याला त्यांनी 'पासिंग' नाव दिलं, वर्कशॉपातून गाडी पास होते तसं. वही त्यांनी माझ्याकडून काढून घेतली आणि स्वतः लिहायला लागले. ज्या माणसाने चाळीस वर्षं 'जाऊन येतो'च्या पुढे शब्द काढला नव्हता, तो पेनाने ठसठशीत अक्षरात लिहायचा: 'सकाळी ७.४०. प्रकार ३. थोडा जोर.' दुखण्याचा आकडा बाजूच्या रकान्यात. मॉर्फिनची एकही गोळी नंतर डब्यात सापडली नाही. सिस्टर आल्या की त्या काही विचारायच्या आत वही पुढे करायचे.

शेवटच्या आठवड्यात अक्षर वाकडं झालं, मग मी लिहायला लागले. शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे, मंगळवारची. गुरुवारी पहाटे ते गेले. बुधवारच्या रकान्यात काही नाही, कारण सिस्टर म्हणाल्या होत्या, आता विचारू नका त्यांना.